आधी पूर्ण ऐकून घे!

‘वीकेंडला जयपूरला चाललोय,’ असं ऑफिसात नुसतं म्हणून बघा. लगेच तीन गट पडतात. पहिला गट लहरियाच्या ओढण्यांचे फोटो पाठवतो. दुसरा गट प्याज कचोरी कुठे खायची आणि कुठे अजिबात खायची नाही, याची लिस्ट देतो. आणि तिसरा गट, ज्यात तुमचे खरे मित्र असतात, तो विचारतो, ‘लिटरेचर फेस्टिव्हल? तू? गेल्या वर्षी घेतलेल्या पुस्तकाचं प्लास्टिक तरी काढलंस का रे?’

हे सगळं मी हसत हसत घेतलं. पण पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि अख्खं कॅन्टीन गप्प झालं.

‘बरोबर कोण आहे?’

‘बाबा.’

आता या शांततेमागची स्टोरी सांगायला हवी. माझे बाबा ६८ वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले, पक्के पुणेकर. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरवाला. आमचं दोघांचं तसं बरं चाललं होतं. मग घरात व्हॉट्सअ‍ॅपचा फॅमिली ग्रुप आला. बाबांनी एक फॉरवर्ड टाकला, मी त्याच्याखाली एक लिंक टाकली. बाबांनी ‘अभ्यास वाढवा’ असं लिहिलं, तेही अनेकवचनात! मी अंगठा दाखवणारा इमोजी टाकला. काका ग्रुप सोडून गेले. शेवटी आईनं जाहीर केलं, ‘यापुढे जेवताना राजकारण नाही. आणि इतिहाससुद्धा नाही!’

दुसरी अट महत्त्वाची होती. कारण आपल्याकडे इतिहास हा विषय मागे घडून गेलेला नसतोच, तो रोज रात्री भाजी-पोळीबरोबर ताटात येतो. आईच्या ठरावानंतर आमच्या घरात फक्त चार विषय उरले: पाऊस, बाबांचा गुडघा, माझा ईएमआय आणि गाडीचं सर्व्हिसिंग. दोन वर्षं आम्ही दोघं याच चार विषयांवर बोलत होतो. भांडण नाही, आवाज नाही. पण तुम्ही कधी असं घर पाहिलं असेल, तर ती शांतता किती जड असते ते तुम्हाला माहीत असेल.

आमच्या दोघांतलं कोण कुठल्या बाजूचं, हे मी सांगणार नाही. तुम्ही मनातल्या मनात ठरवून टाकलंच असेल. तेच तर दुखणं आहे.

जयपूरला खरं तर एक मित्र येणार होता. त्याच्या प्रोजेक्टचं रिलीज नेमकं त्याच वीकेंडला आलं. आई सहज म्हणून गेली, ‘यांना घेऊन जा ना. तुझ्या वयाचे होते तेव्हा एक व्याख्यान चुकवायचे नाहीत.’ बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘थंडी असते तिकडे.’ आमच्या घरात याचा अर्थ ‘हो’ असा होतो.

तर ३१ जानेवारी २०२५, शुक्रवारची संध्याकाळ. पुणे एअरपोर्टवर मी, माझी सॅक, बाबा, त्यांची कानटोपी, थर्मास, दशम्यांचा डबा आणि एक काळी डायरी. बोलायचे विषय तेच चार. विमान उतरेपर्यंत चारही संपले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जयपूर लिटरेचर फेस्टिव्हल सुरू झाला २००६ मध्ये. लेखिका नमिता गोखले आणि इतिहासकार विल्यम डॅलरिम्पल हे त्याचे डायरेक्टर. पहिल्या वर्षी जेमतेम शंभर माणसं होती, आणि त्यातले काही तर वाट चुकून आलेले टुरिस्ट होते, असा किस्सा डॅलरिम्पल स्वतःच रंगवून सांगतात. डिग्गी पॅलेस नावाच्या जुन्या हवेलीत हा मेळा भरायचा. मग गर्दी अशी वाढली की हवेली पुरेना. कोविडमुळे २०२१ चा फेस्टिव्हल ऑनलाइन झाला आणि २०२२ पासून सगळा पसारा क्लार्क्स आमेर हॉटेलात आला. २०२५ मध्ये ३० जानेवारी ते ३ फेब्रुवारी असे पाच दिवस होते. आपण नोकरदार माणसं, आपल्या वाट्याला त्यातले शनिवार-रविवार.

आत शिरलात की पहिल्यांदा गांगरायलाच होतं. फ्रंट लॉन, चारबाग, दरबार हॉल, बैठक... एकाच वेळी चार-पाच ठिकाणी सत्रं चालू. एकीकडे मुघल, दुसरीकडे एआय, तिसरीकडे फाळणी, चौथीकडे कविता. कुल्हडमधला चहा, रंगीत झालरी, कॉलेजच्या पोरापोरींचे सेल्फी, सह्या घ्यायला लागलेल्या रांगा. त्यात तो शनिवार म्हणजे १ फेब्रुवारी, बजेटचा दिवस! दुपारी बाराच्या सुमारास माझ्या आसपासचे सगळे फोन एकदम थरथरले. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही! स्टेजवर कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वीच्या व्यापारी मार्गांबद्दल मन लावून सांगत होतं आणि पुढच्या दोन रांगा कॅल्क्युलेटर उघडून बसल्या होत्या. मीही त्यातलाच.

बाबांनी मात्र फोन खिशातून काढलाच नाही. ते डायरीत लिहीत होते.

आमचा पहिला वाद झाला तो राजकारणावरून नाहीच, खुर्चीवरून! माझा फंडा सोपा होता. फेस्टिव्हलच्या अ‍ॅपवर आठ सत्रं मार्क केलेली. दहा मिनिटं इथे, बोअर झालं की तिथे. एवढं सगळं चालू असताना एकाच ठिकाणी बसायचं म्हणजे बाकीचं हुकणार, हे टेन्शन तुम्हालाही येतंच. बाबांनी सकाळी सावलीतली एक खुर्ची धरली आणि जाहीर केलं, ‘संपल्याशिवाय मी उठणार नाही.’

‘अहो बाबा, पण बोअर आहे हे.’

‘असू दे. व्याख्यान अर्धवट टाकून उठणं म्हणजे पंगतीतून भरलं ताट ठेवून उठणं. वाढणाऱ्याचा अपमान असतो तो.’

मग त्यांनी मला वसंत व्याख्यानमालेबद्दल सांगितलं. नाव मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ते आपल्या कामाचं आहे असं कधी वाटलं नव्हतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ मध्ये ती सुरू झाली. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये, महिनाभर, रोज संध्याकाळी एक व्याख्यान. विषय शेतीपासून संविधानापर्यंत काहीही. टिळक रोडवरच्या टिळक स्मारक मंदिरात अजूनही चालू आहे. दीडशे वर्षं! ‘तुमचं हे जे आहे ना,’ बाबा हातानं सगळा झगमगाट दाखवत म्हणाले, ‘ही आमची व्याख्यानमालाच. फक्त गळ्यात पट्टा आलाय आणि चहाला भाव आलाय.’

मी हसलो. ते पण हसले. पाचवा विषय सापडला होता.

दुपारी इतिहासावरचं एक सत्र होतं. मी मुद्दाम बाबांच्या शेजारीच बसलो, कारण पंधरा मिनिटांत ते उखडणार याची मला खात्री होती. बोलणाऱ्या बाई शांतपणे एकच गोष्ट सांगत होत्या: जुन्या कागदाला आधी विचारा की तू कुणासाठी लिहिला गेलास. बखर लिहिणाऱ्याला धनी असतो, फर्मान काढणाऱ्याला हेतू असतो, आणि हिशेबाची वही बऱ्याचदा दोघांपेक्षा खरं बोलते. बाबा लिहीत राहिले. उखडले नाहीत. मीच थोडा हिरमुसलो, खरं सांगायचं तर!

बाहेर चहा घेताना ते अचानक म्हणाले, ‘शृंगेरीचं माहीत आहे का तुला?’

मला नव्हतं माहीत. १७९१ मध्ये मराठी फौजा टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेवर होत्या. त्या वेळी पटवर्धनांच्या फौजेसोबतच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचा मठ! आणि त्या मठाला पुन्हा उभं राहायला मदत कुणी पाठवली, तर टिपूनं. त्याची मठाशी झालेली पत्रं आजही आहेत. मी म्हणणार होतो की बघा, मी तुम्हाला हेच सांगत असतो. पण बाबांनी हात वर केला.

‘आधी पूर्ण ऐकून घे. त्याच टिपूनं कोडगू आणि मलबारमध्ये लोकांवर जे अत्याचार केले, तेही कागदोपत्री आहे. दोन्ही खरं. आता मला सांग, व्हॉट्सअ‍ॅपच्या एका फॉरवर्डमध्ये यातलं किती मावतं?’

‘अर्धं.’

‘अर्धंच. तू एक अर्धं पाठवतोस, मी दुसरं. आणि दोघंही म्हणतो, अभ्यास वाढवा.’

दोन वर्षांत आम्ही एवढं सलग बोललो नव्हतो. कुल्हड कधीच रिकामे झाले होते, तरी आम्ही ते हातात धरून उभे होतो.

रविवारी मात्र खरी परीक्षा झाली. सकाळच्या एका सत्रात आजच्या राजकारणावर बोलणारा माणूस अगदी माझ्या मनातलं बोलत होता. मी टाळ्या वाजवतोय, आणि शेजारी बाबा हाताची घडी घालून बसलेत. त्यांच्या कानशिलाची शीर मला दिसत होती. ही शीर मी ओळखतो, दहावीच्या प्रिलिमच्या मार्कांपासून. पण ते उठले नाहीत. शेवटच्या दहा मिनिटांत माइक प्रेक्षकांत फिरायला लागला. सूत्रसंचालकानं नेहमीचं वाक्य टाकलं, ‘प्लीज, प्रश्न विचारा, भाषण नको.’ आणि नेहमीप्रमाणे पहिल्या तिघांनी भाषणंच केली. चौथी एक कॉलेजातली मुलगी. तिनं एका वाक्यात असा प्रश्न विचारला की माझा तो लाडका वक्ता दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, ‘या मुद्द्याचं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही.’ त्या वाक्याला सगळ्यात मोठी टाळी मिळाली. बाबांनीही वाजवली. मीसुद्धा.

जेवताना त्यांची डायरी टेबलावर उघडी पडली होती. त्या सत्राच्या पानावर वर लिहिलं होतं, ‘पटलं नाही, पण –’ आणि खाली तीन मुद्दे, क्रमांक घालून. बस्स. मी ते पान किती वेळ बघत बसलो होतो, कुणास ठाऊक. ज्याचं पटत नाही, त्याचे तीन मुद्दे आपल्या अक्षरात, नीट, क्रमानं लिहून काढायचे! मी दिवसभर स्लाइड्स बनवणारा माणूस. समोरच्याचा मुद्दा त्याच्यापेक्षा चांगला मांडून मग आपला मांडायचा, ही गोष्ट क्लायंट मीटिंगमध्ये मी पगार घेऊन करतो. घरी ती फुकटात करायला काय हरकत होती?

संध्याकाळच्या सत्रात पाळी उलटली. आता बोलणारा बाबांच्या मनातलं बोलत होता. मी फोनच्या नोट्समध्ये लिहिलं, ‘पटलं नाही, पण –’ आणि अडकलो. पहिला मुद्दा लिहायला वीस मिनिटं लागली. दुसरा नंतर पटकन आला. तिसरा आलाच नाही. पण दोन मुद्दे आले, हे काही कमी नाही, बरं का.

असल्या फेस्टिव्हलमध्ये सगळं असंच गोडगोड असतं, असं मात्र समजू नका. ऐकून घ्यायची जागा बनवणं जितकं अवघड, तितकंच ती टिकवणं. याच जयपूरमध्ये २०१२ साली सलमान रश्दींना येता आलं नाही, आणि शेवटी त्यांचं व्हिडिओवरचं संभाषणही रद्द करावं लागलं. २०१३ मध्ये आशिष नंदी यांच्या मंचावरच्या एका विधानावरून गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१८ मध्ये ‘पद्मावत’च्या वादात धमक्या आल्या आणि सेन्सॉर बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रसून जोशी आलेच नाहीत. यात बाजू सगळ्या आहेत, एकच नाही. आणि ‘हे तिकडे होतं, आपल्याकडे नाही,’ म्हणायची सोय नाही. यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते निमंत्रण मागे घेतलं, ही २०१९ ची गोष्ट.

रात्री हॉटेलवर रजई गुडघ्यांवर ओढून आम्ही दशम्या संपवत होतो. मी म्हटलं, ‘माइक कुणाला मिळतो, हाच खरा प्रश्न आहे.’ बाबा म्हणाले, ‘तो १८८५ पासूनचा आहे.’ त्या वर्षी रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण महात्मा फुल्यांना पाठवलं आणि फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. ज्यांना आमच्या लोकांचे हक्क द्यायचे नाहीत, त्यांच्या सभेत आमच्या माणसांनी येऊन काय करायचं, असा त्या पत्राचा रोख. म्हणजे ज्या रानड्यांनी ऐकण्याची सवय लावली, त्यांनाच फुल्यांनी विचारलं की तुमच्या खुर्च्यांवर बसतंय कोण? बाबा म्हणाले, ‘मला दोघंही लागतात. एक खुर्ची मांडणारा, एक खुर्च्या मोजणारा.’

मग थोडा वेळ ते गप्प होते. आणि मग त्यांनी मला अशी गोष्ट सांगितली, जी ३३ वर्षांत मी कधीच ऐकली नव्हती.

१९७५ चा डिसेंबर, कराड. बाबा तेव्हा १८ वर्षांचे, तिथेच कॉलेजात. आणीबाणी चालू. मराठी साहित्य संमेलन कराडला भरलेलं, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष कोण, तर यशवंतराव चव्हाण, म्हणजे इंदिरा गांधींच्या सरकारातले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री! आणि त्यांच्यादेखत दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल ठाम बोलल्या, आजारी जयप्रकाश नारायणांसाठी त्यांनी प्रार्थना केली. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

‘मी मंडपात मागे उभा होतो,’ बाबा म्हणाले. ‘टाळी वाजवली. आणि वाजवल्यावर आधी मागे वळून बघितलं, कुणी बघतंय का. नुसत्या टाळीची भीती वाटली होती रे. अठरा वर्षांचा होतो.’

मी काही बोललो नाही.

‘माझा काका काँग्रेसचा. चव्हाणसाहेब म्हणजे त्याचं दैवत. घरी गेल्यावर तो आणि मी रात्रभर वाद घालत बसलो. पण तो म्हणाला होता, बाई बोलल्या ते पूर्ण ऐकलंस ना? मग सांग मला सगळं. आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं.’

बाबांनी दिवा बंद केला. अंधारातच म्हणाले, ‘त्या ग्रुपवर तू लिंक टाकतोस ना, मी वाचतो सगळ्या. फक्त सांगत नाही.’

आता तुम्हाला वाटेल, पुण्याला परतल्यावर आमच्या घरात अमन आणि शांती नांदू लागली. छे! सोमवारीच आमचं वाजलं. मतं जिथे होती तिथेच आहेत, मतदानही बहुतेक जिथे व्हायचं तिथेच होईल. फेस्टिव्हलच्या दोन दिवसांत कुणाचं मन बदलत असतं, तर निवडणुका लॉनवरच घेतल्या असत्या. पण आईनं स्वतःचा ठराव दुरुस्त केलाय. जेवताना राजकारण चालेल, इतिहासही चालेल, अट एकच. ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं आधी समोरच्याचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगायचा, आणि समोरचा ‘हो, मला हेच म्हणायचं होतं,’ असं म्हणाला की मगच पुढे. करून बघा एकदा. जाम अवघड आहे. पहिल्या आठवड्यात निम्मे वाद तिथेच संपले, कारण समोरचा मुळात काय म्हणतोय हेच आम्हाला सांगता येईना. आणि जे उरले, ते सॉलिड रंगले. काका अजून ग्रुपवर आलेले नाहीत, पण रविवारी जेवायला येतात. आमच्या दृष्टीनं हे जास्त चांगलं.

यासाठी जयपूरचं तिकीटच काढायला हवं असंही नाही. पुण्यात वसंत व्याख्यानमाला आहे, नाशिकला गोदाघाटावरची आहे, मुंबईत दादरला अमर हिंद मंडळाची आहे. लहान गावांतही कुठे ना कुठे एखादी असतेच. तिथे केस पिकलेली मंडळी तुमच्याकडे आश्चर्यानं बघतील, तेवढं सोसा. फक्त एक करा. ज्याचं बोलणं तुम्हाला पटत नाही, मुद्दाम त्याच्याच व्याख्यानाला जा. फोन खिशात ठेवा. आणि जमलं तर ज्याच्याशी तुमचं सध्या फक्त पाऊस आणि सर्व्हिसिंग एवढंच बोलणं उरलंय, त्याला सोबत न्या.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी ऑफिसातून थेट टिळक रोड गाठला. बाबांनी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली होती. विषय सहकारी बँकांचा, वक्ते संथ, हॉलमध्ये उकाडा. मी संपेपर्यंत बसलो. बाहेर आल्यावर बाबांनी डायरी मिटली, मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, ‘उद्याचा वक्ता तुझ्या बाजूचा आहे. मी येतोय. तू?’